छताखालची फांदी

माझ्या गच्चीवरचं पहिलं हरितगृह अकरा महिने टिकलं. म्हणजे सांगाडा आजही उभा आहे. टिकली नाहीत ती आतली झाडं. दहा फूट बाय बारा फूट जागा, चारही बाजूंनी पारदर्शक पॉलिकार्बोनेटचे पत्रे, वर उतरतं छप्पर, घट्ट मिटणारं दार. इंग्रजी पुस्तकातलं चित्र मी फॅब्रिकेटरसमोर ठेवलं आणि त्यानं हुबेहूब तसं करून दिलं. जूनमध्ये काम पुरं झालं. पावसाळा गेला, थंडी गेली, डिसेंबरात फॅलेनॉप्सिस या ऑर्किडला फुलांचे दांडे आले. घरी येईल त्याला जिना चढायला लावून मी ते दाखवत असे. मग एप्रिलअखेरीस दोन दिवस परगावी जावं लागलं. परत येऊन दार उघडलं तर आतली तापमापी 49 अंश दाखवत होती. फॅलेनॉप्सिसची पानं उकडलेल्या अळूसारखी लोंबत होती.

फॅब्रिकेटरचा दोष नव्हता, पुस्तकाचाही नव्हता. थंड देशातलं घर मी पुण्याच्या उन्हात आणून बांधलं होतं. इंग्लंडात काचघर बांधतात ते ऊब धरून ठेवायला. काचेतून ऊन आत शिरतं, आतली जमीन, कुंड्या, पानं तापतात, त्यांच्यामुळे हवा तापते आणि तापलेल्या हवेला बाहेर जायला वाट नसते. तिथल्या जानेवारीत हे वरदान आहे. आपल्या एप्रिलात तोच प्रेशर कुकर होतो. त्या दिवसानंतर मी इंग्रजी पुस्तकं रद्दीत घातली नाहीत, पण ती उलटी वाचायला शिकलो. ती जिथं फट बुजवायला सांगतात तिथं आपण ती मोठी करायची. ती जिथं हीटरचं प्रकरण लिहितात तिथं आपण सावलीचं लिहायचं. असं उलटं वाचता वाचता जे हाती लागलं, ते या पुस्तकात आहे.

ऑर्किडला मराठीत 'आमरी' असा शब्द आहे, पण रोपवाटिकेत जाऊन आमरी मागितली तर माळी तोंडाकडे बघत राहील. म्हणून मी ऑर्किडच म्हणतो. जगात या कुळाच्या सुमारे 28 हजार प्रजाती आहेत. भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेनं 2019 मध्ये भारतातल्या ऑर्किडची मोजदाद प्रसिद्ध केली, तिच्यात 1,256 प्रजाती नोंदलेल्या आहेत आणि त्यांतल्या 757 झाडांवर वाढणाऱ्या आहेत. घरी आपण जी ऑर्किड वाढवतो ती बहुतेक याच जातकुळीची. त्यामुळे सुरुवातीलाच एक गैरसमज दूर केलेला बरा.

कोकणात मे-जूनच्या सुमारास जुन्या आंब्यावर किंवा फणसावर गुलाबी-पांढऱ्या फुलांचे लांब घोस लोंबताना दिसतात. ती सीतेची वेणी, शास्त्रीय नावाने ऱ्हिंकोस्टायलिस रेटुसा. आसामात बिहूच्या सणाला बायका हीच फुलं केसांत माळतात. आपल्याकडे मात्र बागेचा मालक पुष्कळदा तिला बांडगूळ समजून कोयत्यानं खरवडून काढतो. गंमत अशी की ही चूक भाषेतही शिरलेली आहे. विल्यम जोन्स यांनी अठराव्या शतकाच्या शेवटी एका भारतीय ऑर्किडसाठी 'वंदा' हा संस्कृत शब्द उचलला आणि पुढे 'व्हँडा' या नावाने तो जगभरच्या बागांत पोचला. संस्कृतात 'वंदा' म्हणजे दुसऱ्या झाडावर वाढणारं परजीवी झाड, आपलं बांडगूळच. पण बांडगूळ यजमान झाडाच्या सालीत मुळं घुसवून त्याचा रस पितं. ऑर्किड झाडाकडून काहीच घेत नाही. त्याला बसायला जागा हवी असते, एवढंच. पाणी पावसाचं आणि दवाचं, अन्न सालीच्या बेचक्यांत कुजणाऱ्या पाल्याचं नि पाखरांच्या विष्ठेचं.

हे नीट लक्षात घेतलं की हरितगृहात नेमकं काय उभं करायचं हे कळतं. आपल्याला फांदी उभी करायची आहे. फांदीवर ऊन येतं, पण पानांतून गाळून. पाऊस पडतो तेव्हा मुळं चिंब होतात, आणि पाऊस थांबला की तासा-दोन तासांत वाऱ्यानं सुकतात. तिथं माती नसते. कोंदट हवा तर कधीच नसते. ऑर्किडच्या मुळांवर स्पंजासारखं पांढुरकं आवरण असतं, त्याला वेलामेन म्हणतात. पाणी मिळालं की हे आवरण ते शोषून घेतं आणि मुळाचा रंग चांदीसारख्या पांढऱ्यावरून हिरवा होतो. सुकलं की पुन्हा पांढरं. पाणी केव्हा घालायचं हे विचारणाऱ्याला माझं एकच सांगणं असतं: मुळांचा रंग बघा. हिरवी आहेत तोवर झारीला हात लावू नका.

ऑर्किडच्या हरितगृहाचा इतिहास म्हणजे फांदी विसरण्याचा आणि मग ती पुन्हा आठवण्याचा इतिहास आहे. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंडात ऑर्किडचं वेड पसरलं. 1818 मध्ये विल्यम कॅटली यांच्याकडे ब्राझीलहून आलेल्या एका रोपाला फुलं आली. जॉन लिंडली या वनस्पतिशास्त्रज्ञानं त्या वंशाला त्यांचंच नाव दिलं: कॅटलिया. पुढं नॅथॅनियल वॉर्ड या लंडनच्या डॉक्टरानं बंद काचपेटीत झाडं महिनोन् महिने जगतात हे दाखवलं आणि जहाजांवरून रोपं जिवंत येऊ लागली. डेव्हनशायरच्या सहाव्या ड्यूकनं तर 1835 मध्ये आपल्या चॅट्सवर्थच्या बागेतला जॉन गिब्सन नावाचा तरुण माळी थेट भारतात धाडला. तो खासी टेकड्यांत चेरापुंजीपर्यंत गेला आणि 1837 मध्ये ऑर्किडचा मोठा साठा घेऊन चॅट्सवर्थला परतला. डेंड्रोबियम गिब्सनाय आणि डेंड्रोबियम डिव्होनिएनम ही नावं त्याच मोहिमेची आठवण आहेत.

पण आलेली झाडं मरत होती, हजारांनी मरत होती. इंग्लंड म्हणजे उष्ण कटिबंधातल्या ऑर्किडचं स्मशान, असं त्या काळी म्हटलं जाई. कारण साधं होतं. ऑर्किड 'उष्ण देशातलं' म्हटल्यावर माळ्यांनी ठरवून टाकलं की त्याला भट्टी हवी. 'स्टोव्ह' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या त्या घरांत झडपा बंद, जमिनीखालून तापलेले पाइप आणि दिवसरात्र वाफ असायची. आंदीज पर्वतात दोन-अडीच हजार मीटर उंचीवर, धुक्यात नि गारव्यात वाढणारं ओडोंटोग्लॉसमसुद्धा त्याच भट्टीत शिजायचं. रोप कोणत्या देशातून आलं हे माळ्याला ठाऊक होतं. किती उंचीवरून आणि कुठल्या फांदीवरून आलं हे कुणी लिहूनच ठेवलं नव्हतं.

वळण हळूहळू आलं. चॅट्सवर्थचा मुख्य माळी जोसेफ पॅक्स्टन, ज्यानं पुढं 1851 च्या प्रदर्शनासाठी क्रिस्टल पॅलेस बांधला तोच, त्यानं झाडांना त्यांच्या मूळ प्रदेशाप्रमाणे वेगवेगळ्या उबेच्या घरांत ठेवलं, हवा खेळती केली आणि वाटांवर पाणी शिंपून दमटपणा राखला. जेम्स बेटमन यांनी थंड घरातल्या ऑर्किडचा आग्रह धरला. आणि झाडं जगू लागली. म्हणजे थंड देशातल्या माणसांना ऑर्किड साधलं ते उष्णतेचा हट्ट सोडल्यावर. मला 49 अंशांवर जो धडा मिळाला तो त्यांना दीडशे वर्षांपूर्वीच मिळाला होता. मी मात्र त्यांचं चित्र तेवढं उचललं, धडा तसाच राहिला.

आता आपल्याकडचं पाहू. ज्याच्या घरात माठ आहे त्याला हरितगृहाचं निम्मं शास्त्र येतं. माठाच्या अंगातून पाणी पाझरतं, त्याची वाफ होते, वाफ होताना उष्णता खर्ची पडते, म्हणून आतलं पाणी गार होतं. हवा जितकी कोरडी तितकं पाणी अधिक गार. पुण्यात एप्रिलच्या दुपारी तापमान 40 अंश आणि आर्द्रता 20 टक्के असेल, तर ओल्या कापडात गुंडाळलेली तापमापी सुमारे 22 अंशांपर्यंत उतरते. म्हणजे नुसत्या पाण्याच्या वाफेनं आतली हवा 28-30 अंशांवर आणायला भरपूर वाव आहे. विदर्भातल्या जुन्या घरांत दारा-खिडक्यांना वाळ्याच्या ताट्या लावून त्यांच्यावर पाणी मारत, ते हेच. आजच्या हरितगृहात एका भिंतीला ओला पॅड आणि समोरच्या भिंतीला पंखा बसवतात, तो वाळ्याच्या ताटीचाच कारखान्यातून आलेला नातू म्हणायचा.

आता हीच जोडणी रत्नागिरीत करून पाहा. तिथं तापमान 33 आणि आर्द्रता 70 टक्के असेल तर ओली तापमापी 28 अंशांखाली जायचं नाव घेत नाही. पॅड, धुक्यासारखे तुषार उडवणारा फॉगर, पंखा सगळं लावलं तरी पदरात पडतात ते जेमतेम तीन-चार अंश, आणि वर बुरशीला आमंत्रण. तिथं फॉगरचे पैसे वाचवावेत आणि भिंतीच काढून टाकाव्यात. कोकणात आणि गोव्यात ऑर्किडचं उत्तम घर म्हणजे वर पावसापुरतं छप्पर, त्याच्यावर सावलीची जाळी आणि चारही बाजूंना मोकळा वारा. माठातलं पाणी जिथं चांगलं गार होतं तिथं फॉगर चालतो. जिथं होत नाही तिथं पंखा आणि उघडी बाजू. एवढं एक सूत्र लक्षात ठेवलं तर पुष्कळ खर्च टळेल.

सावलीची जाळी कुठं लावायची, यातही मी एकदा ठेच खाल्ली आहे. पहिल्या वर्षी ती मी छताच्या आतून बांधली, दिसायला नीटनेटकी म्हणून. पण जाळीवर पडलेलं ऊन तोवर घरात आलेलं असतं. जाळी तापते आणि ती उष्णता आतच राहते. आता जाळी छताच्या वर हातभर अंतर सोडून ताणलेली आहे, मधून वारा वाहतो. एवढ्या एका बदलानं आतली दुपार चार-पाच अंशांनी उतरली. शिवाय छताच्या कण्याशी लांबलचक फट ठेवली आहे, कारण गरम हवा वर जाते आणि तिला वरच वाट लागते.

जाळीचा आकडा दुकानदाराच्या सांगण्यावरून घेऊ नये, हिशोबानं घ्यावा. उन्हाळ्यात भर दुपारी आपल्याकडे उघड्यावर सुमारे एक लाख लक्स प्रकाश असतो. 75 टक्क्यांची जाळी त्यातला चौथा हिस्सा, म्हणजे 25 हजार लक्स, खाली सोडते. कॅटलियाला 20 ते 30 हजार लागतो, तेव्हा हे जमलं. फॅलेनॉप्सिसला 10 ते 15 हजार पुरतो, म्हणून त्याला खालच्या मांडणीवर, दुसऱ्या पातळ जाळीखाली ठेवायचं. व्हँडाला याहून बरंच जास्त ऊन लागतं. त्याला वर टांगायचं. मीटर नसेल तर दुपारी पानाच्या फूटभर वर हात धरा. सावलीची कड पुसट असेल तर फॅलेनॉप्सिस खूश. बोटं स्पष्ट उमटली तर ती जागा व्हँडाची.

प्रत्येक गावाचं एक देणं असतं आणि एक खोड असते. पुण्याची खोड कोरडी दुपार. देणं म्हणजे रात्र. मेमध्येही इथं पहाटेला हवा उतरते. फॅलेनॉप्सिस, कॅटलिया, व्हँडा ही झाडं दिवसा पानांची रंध्रं मिटून घेतात आणि रात्री उघडून कार्बन डायऑक्साइड घेतात. त्यांचं काम रात्रपाळीचं आहे, म्हणून तापलेली रात्र त्यांना दुपारपेक्षा जड जाते. फॅलेनॉप्सिसला दांडा यायला काही आठवडे गारवा लागतो. पुण्यात तो नोव्हेंबर-डिसेंबरात आपोआप मिळतो. मुंबईचं उलट आहे: दमटपणा फुकट, रात्र मात्र उबट. म्हणून मुंबईकरानं संकरित डेंड्रोबियम आणि व्हँडा यांच्याशी मैत्री करावी. कालिंपाँगच्या सहलीत घेतलेलं सिंबिडियम दादरच्या बाल्कनीत हिरवंगार राहील, पण थंड रात्रींशिवाय फुलणार नाही, आणि त्याबद्दल त्याला बोल लावण्यात अर्थ नाही.

पाण्याबद्दल दोन शब्द. ऑर्किडला क्षारांचं वावडं असतं. आमच्या बोअरच्या पाण्यात टीडीएस मीटर 640 दाखवतो. ऑर्किडला 200 च्या खालचं हवं. आरओ यंत्रातून बाहेर टाकलं जाणारं पाणी वाया जाऊ नये म्हणून अनेक जण ते झाडांना घालतात. त्यात क्षार आणखी दाट झालेले असतात. फरशी पुसायला ते ठीक, ऑर्किडला नको. उत्तम ते पावसाचं. 120 चौरस फुटांच्या छतावर पावसाळ्यात 700 मिलिमीटर पाऊस झाला तर हिशोबानं सात हजार लिटरहून अधिक पाणी येतं. सगळं साठवता येत नाही, पण हजार-हजार लिटरच्या दोन टाक्या भरून ठेवल्या की उन्हाळ्याचा बराच पल्ला गाठता येतो.

पाणी न घालणं हीसुद्धा एक मशागत आहे. सह्याद्रीतलं डेंड्रोबियम बार्बॅट्युलम पाहा. पावसाळ्यात पानं, पावसानंतर पानगळ, आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी उघड्याबोडक्या कांड्यांवर पांढरीशुभ्र फुलं. पानं गळाली म्हणून घाबरून जो त्याला रोज पाणी घालतो, तो कांड्या कुजवतो. हे झाड जून ते सप्टेंबर भिजतं आणि पुढं महिनोन् महिने दवावर काढतं. त्याची ती विश्रांती हिरावून घेतली तर फूल कुठून येणार?

या पुस्तकाची मांडणी मी वर्षाच्या फेऱ्याप्रमाणे केली आहे. सुरुवात मार्चपासून, कारण आपल्याकडे हरितगृहाची परीक्षा तिथून सुरू होते. उन्हाळ्याच्या प्रकरणात सावली, वारा आणि लाल कोळी. पावसाळ्यात पानांच्या बेचक्यात साचणारं पाणी, काळी कूज आणि गोगलगायी. थंडीत दांडे, आधाराच्या काड्या आणि खतं. कुंड्या, कोळसा, विटांचे तुकडे, नारळाची सोडणं यांचं एक वेगळं प्रकरण आहे. कात्रीवर आहे ते पानभरच, पण ते कृपया वगळू नका. ऑर्किडचे विषाणू एका झाडाकडून दुसऱ्याकडे बहुतेकदा माळ्याच्या कात्रीवरून जातात. त्यांच्यावर औषध नाही, आणि प्रत्येक झाडानंतर पातं ज्योतीवर तापवणं हाच उपाय आहे. स्पर्धेत बक्षीस मिळवण्याच्या युक्त्या या पुस्तकात नाहीत. 'हमखास फुलं' देणाऱ्या औषधांची नावंही नाहीत.

आणखी एक गोष्ट नाही: रानातून ऑर्किड कसं आणावं. याबाबत माझं मत पक्कं आहे. अल्बर्ट मिलिकन नावाच्या एका संग्राहकानं कोलंबियातल्या आपल्या भटकंतीवर 1891 मध्ये पुस्तक लिहिलं. सुमारे दहा हजार ऑर्किड मिळवायला चार हजार झाडं तोडावी लागली, असं त्यानं त्यात सरळ नोंदवलं आहे. आपल्याकडे अगस्त्यमलाईच्या डोंगरातलं पिवळं पॅफिओपेडिलम ड्रुराय संग्राहकांनी असंच ओरबाडलं आणि आज ते नाहीसं होण्याच्या काठावर आहे. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात या वंशातल्या ऑर्किडना, तसंच निळ्या आणि लाल व्हँडाला, संरक्षण आहे. पण कायद्याच्या धाकापेक्षा मला दुसरं कारण मोठं वाटतं: आता त्याची गरजच उरलेली नाही. ऑर्किडच्या एका शेंगेत धुळीसारखं बारीक बी लाखांनी असतं, पण बियांत अन्नाचा साठा नसतो. रानात विशिष्ट बुरशी भेटली तरच ते रुजतं. नोएल बर्नार यांनी 1899 मध्ये हे ओळखलं. लुईस नडसन यांनी 1922 मध्ये बुरशीऐवजी साखर घातलेल्या आगरावर बी रुजवून दाखवलं. 1960 मध्ये जॉर्ज मोरेल यांनी कोंबाच्या टोकापासून एकसारखी रोपं करण्याची वाट दाखवली. या तिघांमुळे एके काळी सरदार-उमरावांनाच परवडणारं झाड आज कोपऱ्यावरच्या रोपवाटिकेत मिळतं. प्रयोगशाळेत जन्मलेलं रोप आपल्या जाळीखाली पटकन रुळतं. रानातून ओढून आणलेलं बहुधा झुरून मरतं. घाटात फांदीसकट खाली पडलेलं ऑर्किड दिसलं तर शेजारच्या झाडाच्या बेचक्यात नीट अडकवा आणि पुढं चला.

माझं दुसरं हरितगृह पहिल्याच सांगाड्यात उभं आहे. बाजूचे पत्रे काढले, तिथं जाळी आली. खाली विटांचे तुकडे पसरले, ते सकाळ-संध्याकाळ भिजवतो. दक्षिणेच्या कोपऱ्यात एक साधा घरगुती कूलर आहे. इंग्रजी पुस्तकातल्या चित्राशी आता त्याचं काहीच साम्य नाही. लांबून पाहणाऱ्याला तो कपडे वाळत घालायचा मांडव वाटतो. पण आत सीतेची वेणी मेअखेरीस फुलते, आणि ते मला पुरेसं आहे.

वाचकांना एक विनंती करून थांबतो. हे पुस्तक वाचून लगेच रोप आणू नका, फॅब्रिकेटरलाही बोलावू नका. आधी एक तापमापी आणि एक आर्द्रतामापी घ्या. दोन्ही मिळून एका चांगल्या फॅलेनॉप्सिसच्या किमतीत येतात. गच्चीवर, बाल्कनीत किंवा परसात जिथं घर करायचं आहे तिथं ती सावलीत टांगा आणि सकाळी सहा, दुपारी दोन, रात्री दहा असे तीन आकडे रोज वहीत लिहा. निदान मार्च ते जून हे चार महिने लिहा. ही वही भरली की कोणतं ऑर्किड आणायचं, भिंती बांधायच्या की काढायच्या आणि फॉगर घ्यायचा की नाही, याची उत्तरं तिच्यातच सापडतील. मग या पुस्तकाचं पहिलं प्रकरण उघडा, आणि वही शेजारी ठेवा.